देल्ल्या

'लढवय्या' या शब्दातला ढ अर्ध्यावर आला होता आणि खालून कोणीतरी विचारलं, "देल्ल्याचा पोट्टा का गा तू?"

मी शिडीवर. भंडाऱ्याच्या बस स्टँडसमोरची लांब भिंत, पंच्याऐंशी सालची निवडणूक, पाठीवर फाल्गुनातलं ऊन, हातात तीन इंची ब्रश. ब्रश तिथेच थांबायला हवा होता. तो पुढे गेला. ढ-ची गाठ सुटली, लाल रंगाचा एक ओघळ भिंतीवरून खाली चालू लागला आणि मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. हा शब्द मी तेरा वर्षं कानांपासून लांब ठेवला होता. बायकोलाही सांगितला नव्हता. चंद्रकलाला वाटतं, शेती कमी म्हणून मी गाव सोडलं. शेती कमी होती हे खरं. पण शेती कमी असलेली माणसं घरी जातात, दोन दिवस राहतात, बापाशेजारी जेवायला बसतात. मी दिवाळीला दुपारी पोचतो, मायच्या पाया पडतो आणि बाप बांधीतून, म्हणजे धानाच्या तुकड्यातून, परत यायच्या आत मोटार गाठतो. या शब्दामुळे. शब्द बघा कसा आहे. दोन ल एकमेकांच्या उरावर बसलेले आणि शेवटी तो 'या', काल्या, रड्या, पळ्यामधला. काठी देल्ला तो देल्ल्या. आपल्या हातातली काठी दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळा झालेला माणूस. माझा बाप, दादाजी.

मी उतरू लागलो. खरं सांगायचं तर मारायलाच. प्रत्येक पायरीला मनात एक वाक्य तयार होत होतं आणि खालच्या पायरीवर ते मोडत होतं. उजव्या हाताला टर्पेंटाइन लागलेलं, म्हणजे डाव्या हाताने गचांडी धरायची. अशा गोष्टींचा मला सराव नाही. मला सराव आहे तो त्यांच्या शब्दांचा. झुंजार, लढवय्या, वाघ, रणशिंग, ढाण्या. भंडारा, तुमसर, पवनी, जिथे जिथे भिंत आहे तिथे तिथे मी शूर माणसं रंगवली आहेत, आणि माझी अक्षरं सगळ्यांपेक्षा जाड असतात, दंड थोपटून उभी राहिल्यासारखी. गिऱ्हाइकं त्यासाठीच येतात. ही जाडी मी कुठून आणली ते त्या शिडीवर मला कळलं, आणि कळलेलं आवडलं नाही.

खाली एक म्हातारा उभा होता. धोतर, पांढऱ्या मिशा, बगलेत गोणपाटात गुंडाळलेला चौकोनी पत्रा. मान वर करून तो हसत होता, दात पडलेल्या जागांसकट. मी त्याला ओळखलं. खालटोलीचा घनश्याम. म्हणजे काठी ज्याच्या हातात गेली तोच माणूस.

"पेंटर लोकाइले विचारत विचारत आलो," तो म्हणाला. "सारे मनते, मोटं अक्षर पाहिजे तं इश्वरकडे जा. मी मनलो, इश्वर? आमच्या देल्ल्याचा तं नाई?"

माझा डावा हात उठलाच नाही. हे भीतीने झालं का, हा प्रश्न मी तेव्हाच स्वतःला विचारला. 

बाहत्तर साल. हस्त नक्षत्र कोरडं गेलेलं, धान पोटरीवर आलेलं, तलावात पाणी आहे म्हणावं तर आहे आणि नाही म्हणावं तर नाही. आमच्या गावाच्या दोन टोल्या. वरटोली तलावाच्या पाळीला, म्हणजे मातीच्या बांधाला, चिकटून, खालटोली नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, शेपटीला. तलावाचं पाणी सोडायची जागा म्हणजे तुडुम. दगडी खांबात एकाखाली एक भोकं, प्रत्येकात लाकडी बूच. पाणी उतरेल तसं खालचं बूच काढायचं. ते काढायला एक लांब बांबू, टोकाला लोखंडी आकडी. ती काठी ज्याच्याकडे असेल तो पाणकर. आजा पाणकर होता, बाप पाणकर, पुढे मी होणार. शेपटीची बांधी आधी भिजते आणि मग पाणी बांधीबांधीने वर सरकत येतं, हा रिवाज. आणि दुसरा, जो पाणकराच्या घरात दुधाबरोबर पाजतात: पाणकराची स्वतःची बांधी, ती कुठेही असो, सगळ्यांत शेवटी भिजते. लहानपणी आमचं धान नेहमी लोकांपेक्षा एक रंग मागे असायचं. सगळं शिवार हिरवं आणि आमचा तुकडा पोपटी. मला तो रंग आवडत नसे.

त्या साली आमच्या वरटोलीचा पहिलवान टिकाराम पाळीवर बसून म्हणाला, "तलाव आपल्या उशाशी अन् पानी त्याइच्या ताटात? कोनता कायदा बे हा?" आम्ही चौघं हसलो. मी एकोणीस वर्षांचा. टिकारामच्या मागे उभा राहून दंड काढायचो आणि माझे दंड त्याच्यासारखे होतील अशी वाट बघायचो. पहाटे फटफटताना आम्ही नहराच्या वळणावर गेलो, पळसाचे फाटे टाकले, वर माती टाकली. माती पायांनी दाबायचं काम माझं. गार चिखल गुडघ्यांच्या वर येत होता आणि मला फार मोठं काहीतरी करत असल्यासारखं वाटत होतं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. चंद्रकलाला नाही, मायला नाही. बापाला तर

(हे वाक्य पुढे जात नाही. दुसरीकडून येतो.)

ऊन वर आलं आणि खालटोली आली. पन्नासेक माणसं, लाठ्या, चारदोन कुऱ्हाडी, सगळ्यांच्या पुढे घनश्याम. तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. "पानी खाल्लं! पानकरानं पानी खाल्लं!" पाळीवर आमची माणसं जमली. टिकारामने मांडीवर थाप मारली. ती थाप मला अजून ऐकू येते. बाप तुडुमापाशी कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, हातात काठी. त्याने तिकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग माझ्याकडे, आणि चेहऱ्याच्या जरा खाली. तो पाण्यातून बाहेर आला, धोतर पिळलं. (पिळलं. मला राग याचा आला. डोकी फुटायची वेळ आणि हा माणूस धोतर पिळतो.) मग ओल्या पायांनी दोन्ही गर्दींच्या मध्ये जाऊन घनश्यामच्या समोर थांबला.

"पानी अडलं," बाप म्हणाला. "पानकर मी हो. म्हणजे चुकी मायी. हे घे."

काठी पुढे केली. घनश्यामने ती हिसकावलीच. त्याला वाटलं, जिंकलो. त्याच्या मागून एक ओरडा उठला.

"आजपासून पानकर तू," बाप म्हणाला. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आता सांग, पानकराची बांधी कवा भिजते?"

ओरडा मधेच मोडला. घनश्यामची बांधी नहराच्या शेपटीकडची. त्या दिवशी आधी भिजणाऱ्यांतली. तिच्यासाठी तर तो लाठी घेऊन आला होता. आता त्याच्या एका हातात लाठी होती आणि दुसऱ्यात काठी. त्या काठीबरोबर दोन्ही टोल्यांचं सगळं धान त्याच्या गळ्यात पडलं होतं, आपलं सोडून. तो हातातल्या दोन बांबूंकडे आळीपाळीने बघत होता. मग त्याने लाठी टाकली. "शेवटी," तो म्हणाला. वळून आपल्या माणसांना म्हणाला, "पाहता काय बे? नहर मोकळा करा." आणि जी माणसं डोकी फोडायला आली होती ती चिखलात उतरून हातांनी माती उपसू लागली. लाठ्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आडव्या. टिकाराम मांडीवर हात ठेवून तसाच उभा. त्याच्याशी भांडायला कोणी उरलंच नव्हतं. तेव्हा आमच्यातला कोणीतरी, टिकाराम नव्हे, कोणीतरी, म्हणाला, "देल्ला ना बे काठी! देल्ल्या!" आणि वरटोली हसली.

मीही हसलो. त्या हसण्यात माझा आवाज होता.

त्या साली दोन्ही टोल्यांना अर्धंअर्धं पीक झालं. डोकं कोणाचंच फुटलं नाही. घनश्यामची बांधी वाळली. पण हे मला तेव्हा दिसलं नाही. मला दिसत होतं की घरातल्या खुंटीवर काठी नाही. पोरं रस्त्यात रिकाम्या मुठी पुढे करून मला खोटी काठी द्यायची, "घे, तुया बापानं देल्ली." दिवाळीआधी मी भंडाऱ्याला आलो.

"चहा पिता का, काकाजी?" शिडीवरून उतरून मी घनश्यामला म्हणालो. म्हणजे माझ्या तोंडून ते निघालं.

टपरीच्या बाकावर घनश्यामने पत्रा गुडघ्यांना टेकवून ठेवला. मी कप हातात धरून म्हणालो, "तो शब्द इथं नका बोलू."

"कोनता?"

"हाक मारली तो."

"देल्ल्या?" त्याला खरंच कळेना. "काहून गा? शिवी हाय का ते? मी सोता या सालपासून देल्ल्या झालो ना! टोलीले पंगत घातली, वांग्याची भाजी, बुंदी, सारं!"

मी कप खाली ठेवला.

"काठी शकुनबाईले देल्ली," तो सांगू लागला. "विधवा बाई. पन बाप्पा, तिचं तोंड! बारा वर्स मले नहरावर उभी राहून शिव्या घातल्या तिनं. पानी असं कायले सोडता, तसं कायले सोडता. एक दिवस मी मनलो, घे बाई, तूच सोड. तुया बापानं मले देल्ली तशीच. आता आमच्या टोलीचा कायदाच झाला. जो जादा बोंबलते त्याच्या हाती काठी. अन् ज्यानं देल्ली तो देल्ल्या. मंग तो बैठकीत खाटेवर बसते, बाकीचे खाली."

"वरटोलीत असं म्हणत नाहीत."

"वरटोलीचं मले नाई मालूम बाप्पा. तुमी पाळीवर बसनारे लोक. पानी तं खालीच येते."

तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला. माझ्या आत काय होत होतं ते सांगणं कठीण आहे. समजा, एखादी पाटी तुम्ही तेरा वर्षं मागच्या बाजूने वाचत आला आहात, अक्षरं उलटी, आणि कोणीतरी तुम्हाला खांद्याला धरून रस्त्याच्या पलीकडे नेतो. नाही, हेही बरोबर नाही. पाटी तर मीही हसून रंगवली होती.

"नहर कोणी बुजवला होता, ते कळलं का कधी?" मी विचारलं. हे विचारताना मी रस्त्यावरच्या एका सायकलकडे बघत होतो.

"विचारलो ना तुया बापाले. त्याच दिवशी. तो मनला, पानी कुठं पोचलं ते सांग." घनश्यामने बशीतला चहा संपवला. "मी चिडलो. दुसऱ्या दिवशी मंग विचारलो. मंग तेच. चवथ्या दिवशी मी विचारनंच सोडलं, काहून का पानी पोचलं होतं."

त्याने गोणपाट सोडलं. कोरा पत्रा, लोखंडी चौकटीसकट. तुडुमापाशी लावायचा. खालटोलीने ठरवलं होतं. त्याच्याबरोबर शाळेतल्या गुरुजींनी लिहून दिलेला कागद होता:

शूरवीर जलरक्षक
श्रीमान दादाजी यांच्या
रणधुरंधर कार्यास अभिवादन

हा कागद मी तीनदा वाचला. असे शब्द रंगवण्यातच माझी जवानी गेली. त्या दुपारी दुकानात पत्र्याला पांढरा हात देऊन मी शिरोरेघेसाठी दोरी मारली आणि बसून राहिलो. शूरवीर. बापाच्या हातात त्या दिवशी काय होतं? ओलं धोतर. रणधुरंधर. रण तर त्याने होऊच दिलं नाही. त्याची थोरवी सांगायला भाषेने दिलेले सगळे शब्द लढाईतले, आणि तो माणूस लढाईच्या अलीकडेच उभा राहिलेला, धोतर पिळत. विचार करायला त्याला किती वेळ मिळाला असेल? पाण्यातून बाहेर यायला लागतो तेवढा. तेवढ्यात त्याने पन्नास लाठ्या मोजल्या नाहीत, टिकारामचे दंड मोजले नाहीत. समोरच्याचा राग उचलला आणि त्याला कामाला लावलं. घनश्यामला हरवलं असतं तर घनश्याम दुसऱ्या साली परत आला असता. त्याला पाणकर केलं, आणि तो बारा वर्षं पाणकर राहिला.

माझा बाप. मी हे दुकानात मोठ्याने म्हटलं. चंद्रकला आतून म्हणाली, काय? मी म्हणालो, काही नाही. मग आत जाऊन तिला सगळं सांगितलं. चिखलासकट. तिने पोळी तव्यावर तशीच करपू दिली. "इतकी वर्स एवढ्यासाठी दिवाळीत मले एकटीले फराळ खाऊ घातला?" ती म्हणाली.

गुरुजींचा कागद मी बाजूला ठेवला. पत्र्यावर दोनच शब्द घातले, ते जमतील तेवढे मोठे: देल्ल्या दादाजी. हा शब्द कोणी कधी लिहिलेला नव्हता. दोन ल एकाखाली एक कसे बसवायचे ते मला ठरवावं लागलं. बसले. चांगले बसले.

दुसऱ्या दिवशी पवनीच्या मोटारीने घनश्याम आणि मी निघालो, पत्रा टपावर. तलावात पाणी खाली गेलेलं, तुडुमाची वरची सगळी भोकं कोरडी. बाप नहरातलं गवत काढत होता, फावडं घेऊन. काठी गेली तरी हे काम त्याने सोडलं नव्हतं, हे मला माहीत नव्हतं. मला बऱ्याच गोष्टी माहीत नव्हत्या. पलीकडे एक उंच बाई आकडीची काठी खांद्यावर टाकून उभी होती. ती शकुनबाई, हे सांगावं लागलं नाही. ती बापाला सांगत होती की गवत मुळासकट निघत नाही.

मी पत्रा धुऱ्यावर उभा केला. बापाने घाम पुसून पाहिलं. त्याला वाचता येतं, हळूहळू.

"हे कोन?"

"तू, बा."

"मी तं इथं उभा हाय. बोर्ड कायले?"

"राहू दे ना गा, देल्ल्या," घनश्याम म्हणाला. "टोलीची हौस हाय."

"नाव वाचून पानी शेपटीपर्यंत जाते का?" बाप म्हणाला आणि पुन्हा वाकला.

मी पत्र्यामागून बाहेर आलो. हे बोलायला मी तेरा वर्षं घेतली आणि शब्द फारच थोडे निघाले. "बा, ते माती मी दाबली होती. वळणावर."

"मालूम हाय."

"तेव्हापासून?"

"चिखल मांडीपर्यंत होता तुया. मले काय दिसत नाई?" त्याने फावड्याने एक गड्डा उलटला. "अन् दाबता बी नाई आली तुले धड. खालून पानी झिरपून राहिलं होतं. मले तेच खराब वाटलं. पानकराचा पोट्टा, अन् बांध असा फुटका."

घनश्याम मोठ्याने हसला, मग त्याला कळलं आपण कशाला हसलो, आणि तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याची नजर चुकवली नाही.

"मग काहून नाही बोलला?"

"बोललो असतो तं तुयं डोस्कं फुटलं असतं. तुयासाठी टिकारामनं दुसऱ्याचं फोडलं असतं. मंग पानी कोनं पाहिलं असतं?" बापाने हाताने शिवाराकडे दाखवलं, जणू तेव्हाचं धान अजून तिथे उभं आहे. "मानूस एक दिवस चुकते. धानाले तर रोज पानी लागते."

मला रडू आलं असं मी म्हणणार नाही. मला ताठ उभं राहावंसं वाटलं. भंडाऱ्याच्या सगळ्या भिंतींवर मी रंगवलेली ती माणसं आठवली, वाघ आणि ढाण्या, आणि त्यातलं एकही माझ्या बापाच्या खांद्याला लागत नव्हतं. तो तर आत्ताही नहरात वाकलेला होता.

"लिवाचंच असन तं असं लिव," तो म्हणाला, "का ते पाहून भांडन होनार नाई. कोनाची बांधी आधी, कोनाची मंग. दरसाली त्याच्यावरच तं बोंबलते सारे."

मी डबे उघडले. देल्ल्या दादाजी पांढऱ्या रंगाखाली गेला, माझ्याच हाताने, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. पत्रा वाळेपर्यंत बाप सांगत गेला, मी कागदावर उतरवत गेलो. नावं बरीच होती, म्हणून अक्षरं बारीक घ्यावी लागली. इतकी बारीक अक्षरं मी शिकाऊ असताना काढली होती. 

सिंदबांधी
मोहबांधी
जोडबांधी
लांबट
देवाची
उंचवट

शकुनबाई जवळ आली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला गेलेली बाई. काठीची आकडी पत्र्यापासून वीतभर लांब धरून एकेक अक्षर उचलत होती. "सिं. द. बां. धी." ती थांबली. "पेंटरभाऊ, हे चुकलं."

"काय चुकलं? शेपटीची आधी ना?"

"शेपटीची आधी, पन सिंदबांधी मायी हो. अन् पानकर मी हो." तिने आकडी वरच्या ओळीवरून सरळ खाली आणली, उंचवटच्याही खाली, मोकळ्या जागेत. "इथं टाक."

घनश्याम बापाकडे बघत होता. बाप फावडं टेकून उभा होता. तिने बारा वर्षं शिव्या दिल्या होत्या आपल्या बांधीसाठी, आणि आता ती स्वतःच ती खाली ढकलत होती, घाईघाईने, जणू वर राहिली तर अंगाला लागेल.

मी चिंधीला टर्पेंटाइन लावून पहिली ओळ पुसली. मोहबांधी वर सरकवता येत नव्हती, म्हणून वर मोकळी जागा राहिली. शेवटी, सगळ्यांच्या खाली, सिंदबांधी घातली. शकुनबाईने पुन्हा वाचलं, एकेक बांधी, ओठ हलवत, आणि प्रत्येक नावाला शिवाराकडे मान वळवून ती बांधी खरोखर तिथे आहे का ते पाहत. मी ब्रश हातात धरून उभा होतो. इतकी वर्षं, इतक्या भिंती, आणि कोणी माझं अक्षर असं तपासून वाचलं नव्हतं.

"आता बरोबर हाय," ती म्हणाली.